चिनी चित्रं कुणी सांभाळली

जून २०१२मध्ये उली सिग या स्विस गृहस्थांनी आपल्या संग्रहातल्या १,४६३ कलाकृती हाँगकाँगच्या ‘एम प्लस’ संग्रहालयाला दान केल्या. आणखी ४७ कलाकृती संग्रहालयानं त्यांच्याकडून १७ कोटी ७० लाख हाँगकाँग डॉलरना विकत घेतल्या. संग्रहालयाची इमारत तेव्हा उभीसुद्धा राहिलेली नव्हती. दान दिलेल्या कामांचं मोल एका लिलावगृहानं १३० कोटी हाँगकाँग डॉलर ठरवलं. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण मला थबकायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. १९७०च्या दशकापासून पुढच्या चाळीस वर्षांत चीनमध्ये जी नवी कला घडली, तिचा सर्वांत व्यापक संग्रह चीनमधल्या कुठल्याही सरकारी संग्रहालयात नव्हता. तो होता ल्युसर्नजवळच्या एका तळ्यातल्या बेटावर राहणाऱ्या माणसाकडे. आणि हा माणूस कलेचा प्राध्यापक नव्हता की दालनमालकही नव्हता. लिफ्ट बनवणाऱ्या शिंडलर कंपनीच्या कामानिमित्त तो १९७९ साली पहिल्यांदा चीनला गेला होता.

हे असं का झालं, याचा माग काढता काढता या पुस्तकाची प्रकरणं तयार होत गेली. आपल्याकडे चीनचा विषय निघाला की सीमा, व्यापार आणि मोबाइल फोन यांच्यापलीकडे बोलणं सहसा जात नाही. पण आपल्या शेजारच्या एवढ्या मोठ्या समाजानं स्वतःकडे कसं पाहिलं, हे समजून घ्यायचं तर त्याच्या चित्रांइतका जवळचा रस्ता नाही. फक्त या रस्त्यावर एक अडचण आहे. आधी कला घडते, मग समीक्षक तिच्यावर लिहितात, संग्रहालयं ती घेतात आणि पैसेवाले मागाहून येतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. चीनमध्ये हा क्रम फिरला. घेणारे आधी आले, तेही बाहेरचे. त्यांनी जे उचललं त्यावरून जगानं ठरवून टाकलं की समकालीन चिनी कला म्हणजे हे. त्यामुळे चित्रात काय आहे एवढं विचारून इथे भागत नाही. ते कुणी सांभाळलं, का सांभाळलं आणि शेजारचं काय हातातून निसटलं, हेही विचारावं लागतं. या पुस्तकात मी तेच करायचा प्रयत्न केला आहे.

माओंच्या काळात चित्रकार हा सरकारी कर्मचारी होता. कलाशाळेत सोव्हिएत पद्धतीचं कडक शिक्षण, मग कलावंत संघाचं सदस्यत्व, नेमून दिलेले विषय आणि वर्षातून एखादं राष्ट्रीय प्रदर्शन. चित्र विकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विकत घेणारंच कुणी नव्हतं. या शिक्षणाला नावं ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यानं हात घडवले हेही खरं. पुढे माओंच्याच प्रतिमेची उलटतपासणी करणाऱ्या चित्रकारांचं रेखाटन इतकं पक्कं दिसतं, ते या शाळांमुळेच. त्याच काळात बीजिंगमध्ये काही तरुण कामावरून सुटल्यावर बागांत आणि शहराबाहेर जाऊन गुपचूप निसर्गचित्रं काढत. झाडं, तळी, संध्याकाळचं आकाश, बस्स. पिशवीत लपेल एवढीच रंगांची पेटी आणि तेवढ्याच आकाराचे पुठ्ठे. ‘अनामिक’ या नावानं पुढे ओळखला गेलेला हा गट कुठलीही घोषणा देत नव्हता, पण घोषणा नसलेलं चित्र काढणं हाच त्या दिवसांत गुन्हा होता. त्या चित्रांचा लहान आकार हा आवडीचा भाग नव्हता, ती लपवायची होती म्हणून ती लहान आहेत. एखाद्या संग्रहालयात ती रांगेनं मांडलेली पाहताना ही एक गोष्ट कळली, की समोरच्या तळ्याचा रंग वेगळाच दिसू लागतो.

२७ सप्टेंबर १९७९ रोजी ‘तारे’ नावाच्या गटानं बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाबाहेरच्या लोखंडी कुंपणाला सुमारे दीडशे कामं टांगली. आत जागा मिळत नव्हती म्हणून बाहेर. हुआंग रुई आणि मा दशेंग हे पुढाकार घेणारे, सोबत वांग कपिंग, ली शुआंग, आय वेईवेई असे तरुण. त्यातले बहुतेक कलाशाळेत कधी गेलेलेही नव्हते. वांग कपिंग यांचं ‘मौन’ हे शिल्प त्या कुंपणापाशी होतं: लाकडाच्या ओंडक्यातून काढलेला चेहरा, आणि तोंडात बूच ठोकावं तसा लाकडाचाच गोळा कोंबलेला. लाकूड म्हणजे जळणातून मिळालेले तुकडे. चांगलं लाकूड परवान्याशिवाय मिळत नसे. दोन दिवसांत पोलिसांनी प्रदर्शन बंद केलं. १ ऑक्टोबरला, म्हणजे प्रजासत्ताकाच्या तिसाव्या वर्धापनदिनी, या मंडळींनी मोर्चा काढला. कुबड्यांवर चालणारे मा दशेंग त्यात पुढे होते. पुढच्याच वर्षी त्यांना त्याच संग्रहालयाच्या आत प्रदर्शनाची परवानगी मिळाली, हाही त्या काळाचा गुंता. नंतर मात्र गटातले अनेक जण देश सोडून गेले. आय वेईवेई १९८१मध्ये अमेरिकेला, वांग कपिंग १९८४मध्ये फ्रान्सला. कामं जिकडे तिकडे पांगली. त्या वेळी ती कुणी एकत्र सांभाळली असती, तर आज या दशकाचा इतिहास वेगळ्या तपशिलानं लिहिता आला असता.

१९८५च्या आसपास देशभर छोटे छोटे गट उभे राहिले. ‘नवी लाट’ म्हणून त्याची नोंद आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची पुस्तकं धडाधड चिनीत येत होती, त्याच वर्षी अमेरिकी कलावंत रॉबर्ट राउशेनबर्ग यांचं प्रदर्शन बीजिंगला झालं, आणि जे शंभर वर्षांत पचवायचं ते या तरुणांनी तीन-चार वर्षांत गिळलं. शियामेन शहरातल्या हुआंग योंग पिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८६मध्ये प्रदर्शन संपल्यावर आपली कामं चौकात जाळून टाकली. पुढच्या वर्षी हुआंग योंग पिंग यांनी चिनी चित्रकलेचा इतिहास आणि आधुनिक पाश्चात्त्य चित्रकलेचा इतिहास अशी दोन पुस्तकं धुलाईयंत्रात दोन मिनिटं फिरवली आणि जो लगदा निघाला तो लाकडी खोक्यावर मांडला. संग्राहकाच्या हाती यातून काय लागणार? राख आणि लगदा. या दशकाचं बाजारात नाव कमी ऐकू येतं, याचं एक कारण इतकं साधं आहे.

५ फेब्रुवारी १९८९ या दिवसावर मात्र थांबायला हवं. राष्ट्रीय कलासंग्रहालयात ‘चीन/अवाँ-गार्द’ हे मोठं प्रदर्शन उघडलं. मागे वळायला मनाई असल्याची वाहतुकीची खूण हे त्याचं बोधचिन्ह होतं. वू शानझुआन यांनी दालनात कोळंबी विकायला मांडली होती. शियाओ लू या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या तरुणीचं ‘संवाद’ हे मांडणशिल्प होतं: टेलिफोनची दोन खोपटी, एकात बाई, दुसऱ्यात पुरुष, दोघेही पाठमोरे, आणि मध्ये लोंबणारा रिसीव्हर. उद्घाटनानंतर काही तासांतच शियाओ लू यांनी पिस्तूल काढून स्वतःच्याच कामावर दोन गोळ्या झाडल्या. प्रदर्शन बंद झालं. त्यांना आणि त्यांच्यासोबत असलेल्या तांग सोंग यांना अटक होऊन थोड्याच दिवसांत सुटकाही झाली. चार महिन्यांनी तिआनानमेन चौकात जे घडलं, त्यानंतर लोक मागे वळून त्या गोळ्यांकडे पाहू लागले आणि त्यांना चौकातल्या गोळीबाराची पूर्वसूचना म्हणू लागले. अर्थ मोठा झाला, पण काम करणारी बाई त्या अर्थाखाली दडपली गेली. ‘संवाद’ हे दोघांचं काम म्हणून वर्षानुवर्षं छापलं जात राहिलं. पंधरा वर्षांनी शियाओ लू यांनी लेखी सांगितलं, की काम एकटीचं आहे आणि त्याचं मूळ राजकारणात नाही, स्वतःच्या आयुष्यातल्या एका जखमेत आहे. या पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण मी या प्रसंगाला दिलं आहे. चिनी कलेत राजकारण शोधण्याची सवय किती सहजपणे एका व्यक्तीचा आवाज पुसू शकते, याचं याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

१९८९नंतर सरकारी दारं बंद झाली, आणि १९९२मध्ये डेंग शियाओपिंग यांनी दक्षिणेचा दौरा करून आर्थिक सुधारणांना पुन्हा वेग दिला तेव्हा वेगळंच दार उघडलं. बीजिंगमध्ये परदेशी वकिलातींचे लोक, बातमीदार, कंपन्यांचे व्यवस्थापक राहत होते. त्यांच्या घरांत चित्रं लागू लागली. डॉलरमध्ये व्यवहार होत. जुन्या युआनमिंगयुआन बागेच्या परिसरात, पडक्या घरांत भाड्यानं राहणाऱ्या चित्रकारांच्या वस्तीत परदेशी पाहुणे शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येत. १९९५मध्ये पोलिसांनी ती वस्ती उठवली. दालनंही बाहेरच्यांनीच सुरू केली. बीजिंगच्या एका जुन्या बुरुजात १९९१मध्ये ब्रायन वॉलेस या ऑस्ट्रेलियन माणसानं ‘रेड गेट’ उघडलं. शांघायला १९९६मध्ये स्विस लोरेन्झ हेल्ब्लिंग यांनी हॉटेलातल्या जागेत ‘शांगार्ट’ सुरू केलं. डच हान्स व्हान डाइक यांनी विक्रीपेक्षा कलावंतांच्या नोंदी ठेवण्यात आयुष्य घालवलं, आणि माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत टिकाऊ काम त्यांचं आहे.

समीक्षक ली शियानतिंग हे या काळातलं महत्त्वाचं चिनी नाव. ‘राजकीय पॉप’ आणि ‘उपहासी वास्तववाद’ ही दोन्ही नावं त्यांनीच दिली. वांग ग्वांगयी यांच्या चित्रांत क्रांतीच्या पोस्टरमधले कामगार आणि सैनिक मुठी वळून उभे असतात आणि शेजारी कोका-कोलाचं नाव झळकतं. फांग लीजुन यांचे टक्कल केलेले तरुण जांभया देत राहतात. युए मिनजुन यांच्या चित्रांत स्वतःचाच चेहरा डोळे मिटून, बत्तिशी दाखवून हसतो. १९९३ साली हाँगकाँगला १९८९नंतरच्या नव्या कलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात चौदा चिनी चित्रकार पोचले, आणि डिसेंबरात फांग लीजुन यांचा जांभई देणारा माणूस ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या पुरवणीच्या मुखपृष्ठावर झळकला. तिथे त्या जांभईचा अर्थ आक्रोश असा लावला गेला.

जांभईला आक्रोश समजणं, इथपासून एक जुना वाद सुरू होतो. परदेशी गिऱ्हाइकाला चिनी चित्रात हुकूमशाहीविरोध हवा होता, चित्रकारांनी तो पुरवला, असा आरोप चीनमधल्या अनेक जाणत्यांनी केला आहे. मला तो अर्धा पटतो. मागणी होती आणि तिच्यासाठी रंगवलेली चित्रंही ढीगभर आहेत. पण पहिल्या दोन-चार वर्षांतली चित्रं समोर ठेवून पाहिली की त्यांतला शीण खरा वाटतो. मोठ्या शब्दांवरचा विश्वास उडालेला आहे आणि नवीन काही हाती आलेलं नाही, अशा माणसाची ती जांभई आहे. ती मूळची कुणासाठी काढलेली नव्हती. तीच जांभई दहा वर्षांनी, तीनपट मोठ्या कॅनव्हासवर, पाचव्यांदा आली की ती विकण्यासाठी आलेली असते. हा फरक डोळ्यांना कळू लागणं म्हणजे या विषयातलं अर्धं शिक्षण.

झांग शियाओगांग यांचं उदाहरण जवळून पाहू. ते १९५८ साली कुनमिंगला जन्मले आणि सिचुआनच्या कलाशाळेत शिकले. १९९२मध्ये तीन महिने जर्मनीत राहून त्यांनी पाश्चात्त्य चित्रं मनसोक्त पाहिली आणि परतल्यावर त्यांना प्रश्न पडला, की चिनी चेहरा आपण कधी नीट पाहिला आहे का? घरी जुने फोटो निघाले, त्यात आईचा तरुणपणीचा फोटो होता. आईचा मानसिक आजार त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. फोटोतली मुलगी मात्र शांत आणि देखणी होती. त्यातून ‘रक्ताचं नातं: मोठं कुटुंब’ ही मालिका सुरू झाली. आपल्याकडे जुन्या स्टुडिओतल्या कृष्णधवल फोटोंवर हातानं रंग भरून गाल गुलाबी करत, तशीच ही चित्रं गुळगुळीत आणि करड्या रंगाची आहेत. ब्रशचा फटकारा कुठेच दिसत नाही. आई, वडील, मध्ये एक मूल. माओ कोट, गळ्यापर्यंत बंद बटणं. तिघांचे चेहरे एकाच साच्यातले. मग एकेक गोष्ट दिसू लागते. मुलाचा चेहरा एकदम पिवळा किंवा लाल असतो. कुणाच्या गालावर डाग पडावा तसा उजेडाचा तुकडा असतो, जणू फोटोच्या कागदावर ओल आली होती. डोळे ओलसर, पण नजर कुठेच न पोचणारी. आणि एक बारीक लाल रेघ एका माणसाच्या छातीवरून दुसऱ्याच्या खांद्याकडे जाते, कधी चित्राच्या कडेबाहेर निघून जाते. ही नात्याची रेघ आहे आणि सरकारी फायलीचीही, कारण सांस्कृतिक क्रांतीत आईवडिलांचं ‘रक्त’ कुठल्या वर्गाचं यावर मुलांचं भवितव्य ठरत असे. हे ठाऊक नसताना चित्र सुंदर दिसतं. ठाऊक असलं की त्या बंद बटणांकडे पाहवत नाही.

या मालिकेतलं ‘कॉम्रेड क्र. १२०’ हे चित्र ३१ मार्च २००६ रोजी न्यू यॉर्कच्या सदबीज लिलावात ९ लाख ७९ हजार २०० डॉलरना गेलं, अंदाजाच्या कितीतरी वर. त्यानंतरच्या दोन वर्षांत पैशांचा पूर आला. २००७मध्ये लंडनला युए मिनजुन यांचं ‘देहदंड’ सुमारे ५९ लाख डॉलरना विकलं गेलं. २००८च्या मंदीत बाजार आपटला, पुन्हा उठला, आणि ऑक्टोबर २०१३मध्ये झेंग फानझी यांचं ‘शेवटचं भोजन’ हाँगकाँगला १८ कोटी ४ लाख हाँगकाँग डॉलरना गेलं. येशूच्या जागी आणि शिष्यांच्या जागी लाल रुमाल बांधलेली शाळकरी बालवीर मुलं, टेबलावर कलिंगडाच्या फोडी, आणि ज्यूडासच्या गळ्यात मात्र पिवळा टाय. आशियातल्या समकालीन कलेचा तेव्हाचा तो उच्चांक होता. विकणारे होते बेल्जियमचे गी उलेन्स. त्यांनी १९८०च्या दशकापासून चिनी कला गोळा केली, २००७मध्ये बीजिंगच्या ७९८ या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीत स्वतःचं कलाकेंद्र उघडलं, २०११पासून संग्रह लिलावात काढायला सुरुवात केली आणि २०१७मध्ये केंद्रही चिनी गुंतवणूकदारांकडे सोपवलं. त्यांच्यावर टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. त्यांनी दिलेली जागा आजही चालू आहे, आणि त्यांच्याकडून निघालेली कित्येक चित्रं चिनी मालकांकडे परत गेली आहेत.

चिनी मालकांची पिढी या काळात पुढे आली. शांघायला टॅक्सी चालवून सुरुवात केलेले लिऊ यीच्यान आणि त्यांच्या पत्नी वांग वेई यांनी २०१२ आणि २०१४मध्ये ‘लाँग’ संग्रहालयाच्या दोन इमारती उघडल्या. झांग शियाओगांग यांचं १९९५चं ‘मोठं कुटुंब क्र. ३’ पुढे त्यांच्या संग्रहात गेलं. अशी खासगी संग्रहालयं झपाट्यानं वाढली. अनेकांच्या मागे जमिनीचे आणि बांधकामाचे व्यवहार आहेत, आणि मालकाचा धंदा बसला की संग्रहालयही बसतं. नव्यानं घेऊ पाहणाऱ्यानं या बाजाराची एक खोड ओळखून असावं. इतरत्र चित्र दालनातून विकलं जातं आणि वर्षांनी लिलावात येतं. चीनमध्ये दालनं रुजायच्या आधीच लिलावगृहं उभी राहिली, त्यामुळे चित्रकाराच्या स्टुडिओतून ओलं चित्र थेट लिलावात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. तिथला भाव चित्राच्या गुणाविषयी फार थोडं सांगतो. नकलांचं प्रमाणही मोठं आहे. चित्राबरोबर त्याची वाट, म्हणजे स्टुडिओपासून आजच्या भिंतीपर्यंत ते कुणाकुणाच्या हातून आलं, हे कागदोपत्री दाखवता येत नसेल तर ते घेऊ नये, कितीही आवडलं तरी.

बाजार ज्यांना मिठी मारू शकला नाही, त्या कामांकडे मला अधिक वेळ द्यावासा वाटला. शू बिंग यांनी १९८७पासून सुमारे चार हजार चिनी अक्षरं तयार केली. दिसायला अस्सल, पण एकही खरं नाही. प्रत्येक अक्षर लाकडात उलटं कोरायचं, मग जुन्या ग्रंथांच्या पद्धतीनं छापायचं, शिवायचं, निळ्या वेष्टनात बांधायचं. वर्षानुवर्षं हेच. १९८८मध्ये बीजिंगला ‘आकाशातून आलेलं पुस्तक’ मांडलं गेलं, तेव्हा छतापासून कागदाच्या लांबच लांब पट्ट्या सोडल्या होत्या आणि जमिनीवर ग्रंथ उघडे ठेवले होते. निरक्षर माणूस आणि विद्वान त्यापुढे एकाच पातळीवर उभे राहतात. विद्वानाला जास्त त्रास होतो, कारण तो ओळखीचं एक तरी अक्षर सापडेल म्हणून शोधत राहतो. शब्दांच्या घोषणांखाली वाढलेल्या पिढीनं शब्दांतला अर्थच काढून घेतला आणि उरलेलं शरीर एवढ्या मायेनं घडवलं, यात रागही आहे आणि प्रेमही.

दुसरं काम सोंग दोंग यांचं, ‘काहीही वाया घालवू नये’ या अर्थाच्या शीर्षकाचं. २००२मध्ये वडील वारल्यावर त्यांच्या आई झाओ शियांगयुआन वस्तू साठवण्यात बुडून गेल्या. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मुलगा आवरायला गेला की आई दुखावत. शेवटी सोंग दोंग यांनी आईला विचारलं, आपण हे सगळं मिळून मांडूया का? २००५ साली बीजिंगच्या एका दालनात दहा हजारांहून अधिक वस्तू आल्या. मधोमध आईच्या जुन्या घराचा लाकडी सांगाडा आणि भोवती प्रकारवार रचलेल्या राशी: बाटल्यांची बुचं, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, दोऱ्या, चपला, कापडाचे तुकडे घडी करून, औषधांच्या डब्या, मोडक्या बाहुल्या, बादल्या. त्यांत वाळून चिरा पडलेल्या साबणाच्या वड्या होत्या. साबण रेशनवर मिळत असे तेव्हा आईनं त्या वाचवल्या, मुलाच्या लग्नात द्यायला. लग्न झालं तेव्हा मुलाकडे धुलाईयंत्र होतं. त्यानं नको म्हटलं, तरी आईनं टाकल्या नाहीत. वर निऑनच्या अक्षरांत वडिलांना उद्देशून निरोप होता, की काळजी करू नका, आई आणि आम्ही ठीक आहोत. प्रदर्शनाच्या दिवसांत आई स्वतः तिथे बसत, वस्तू लावत आणि येणाऱ्यांशी बोलत. त्यांच्या वयाच्या बायका राशींपुढे उभ्या राहून आपापल्या घरातल्या गोष्टी सांगू लागल्या. २००९ साली हे काम न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेलं, तेव्हा आई हयात नव्हत्या. मुलगा, मुलगी आणि सून, म्हणजे स्वतः मोठ्या कलावंत असलेल्या यिन शिउझेन, या कुटुंबानं ते मांडलं.

संग्रह या विषयावर लिहिताना मला या आईंना सोडून पुढे जाता आलं नाही. टंचाईच्या देशातली प्रत्येक वस्तू उद्या लागेल म्हणून त्यांनी ठेवली. उली सिग यांनीही जवळपास हेच केलं. राजनैतिक सेवेत जाण्याआधी आणि १९९५ ते १९९८ या काळात बीजिंगमध्ये स्विस राजदूत असताना त्यांनी हजाराहून अधिक कलावंतांच्या घरी जाऊन काम पाहिलं. सुरुवातीला ते स्वतःला आवडेल तेवढंच घेत. मग त्यांच्या लक्षात आलं, की राष्ट्रीय संग्रहालयानं जे करायला हवं ते कुणीच करत नाही. तेव्हा त्यांनी आवड बाजूला ठेवली आणि मागे जाऊन सांस्कृतिक क्रांतीतली सरकारी चित्रं, ‘अनामिक’ गटाची पिशवीतली निसर्गचित्रं, ‘तारे’, व्हिडिओ, फोटो, मांडणशिल्पं असं सगळं गोळा करायला घेतलं. १९९७मध्ये त्यांनी चिनी कलावंतांसाठी पुरस्कार सुरू केला आणि त्याच्या परीक्षणासाठी प्रदर्शन-संयोजक हाराल्ड झेमान यांना चीनला आणलं. झेमान यांनी १९९९च्या व्हेनिस बिएनालेत चिनी कलावंतांची मोठी फळीच उभी केली. त्यातल्या त्साय ग्वो-च्यांग यांनी सिचुआनमधला ‘खंडवसुलीचा वाडा’ हा १९६५चा प्रसिद्ध क्रांतिकारी शिल्पसमूह कारागिरांकडून तिथे पुन्हा मातीत घडवून घेतला आणि सुवर्णसिंह हा तिथला पुरस्कार पटकावला. म्हणजे संग्राहकाची निवड इथे थेट इतिहासाच्या पानात गेली. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता असावी का, हा प्रश्न रास्त आहे आणि शेवटच्या प्रकरणात मी तो सोडलेला नाही.

हा संग्रह मुख्य भूमीऐवजी हाँगकाँगला देण्यामागे मोकळेपणाची अपेक्षा होती. ‘एम प्लस’ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी उघडलं. त्याच्या आधीच्या वर्षी हाँगकाँगमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला होता. तिआनानमेन चौकाकडे मधलं बोट रोखलेला आय वेईवेई यांचा १९९७चा फोटो संग्रहात आहे, पण उद्घाटनाला भिंतीवर नव्हता. वांग शिंगवेई यांचं ‘नवं बीजिंग’ मात्र होतं. १९८९च्या त्या पहाटे जखमींना सायकलगाडीवरून नेतानाचा एक फोटो जगभर गेला होता. या चित्रात गाडी आणि माणसं तशीच आहेत, जखमींच्या जागी दोन पेंग्विन आहेत. पुढच्या वर्षी तेही भिंतीवरून उतरलं. मला इथे घाईनं निकाल द्यायचा नाही. कोठारात सुरक्षित असलेलं चित्र आणि लोकांना दिसणारं चित्र यांत अंतर असतं. ते किती, हे प्रत्येक पिढीला नव्यानं मोजावं लागतं. पण कोठारात ते आहे, त्याची नोंद आहे, क्रमांक आहे. ‘तारे’ गटाच्या कित्येक कामांना एवढंही मिळालं नाही.

पुस्तक वाचून ज्यांना पुढे जावंसं वाटेल, त्यांनी लिलावाच्या सूचिपत्रांपासून सुरुवात करू नये. हाँगकाँगला ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ नावाची संस्था २०००पासून कागद जमवते: निमंत्रणपत्रिका, कलावंतांची पत्रं, वस्तीतले फोटो, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक. १९८०च्या दशकातल्या चिनी कलेसाठी तिनं हजारो कागद आणि अनेक मुलाखती गोळा केल्या आहेत, आणि त्या कुणालाही विनामूल्य पाहता येतात. त्याच संस्थेनं बडोद्याचे ज्योती भट्ट यांनी अनेक वर्षं काढलेले फोटो आणि भारतीय कलेवरचे इतर कागदही जतन केले आहेत. शियामेनमध्ये जळणाऱ्या चित्रांचे फोटो आणि बडोद्याच्या कलाशाळेतले फोटो आज एकाच ठिकाणी, एकाच सूचीत सापडतात. माझं बरंचसं वाचन तिथल्या कागदांवर झालं आहे, आणि दुसऱ्या प्रकरणातली माहिती ज्याला ताडून पाहायची असेल त्यानं तिकडेच जावं.